नाशिकसाठी नवे हॉकी मैदान : जागेच्या सातबाऱ्यापासून टर्फ बदलण्याच्या पैशांपर्यंत

ऑलिंपिकमधली हॉकी पहिल्यांदा कृत्रिम गवतावर खेळली गेली ती १९७६ साली, माँट्रियलला. तेव्हापासून मोठी हॉकी मातीवर परतलेली नाही. आपल्याकडची बहुतेक मुले मात्र आजही शाळेच्या मुरमाड पटांगणावरच स्टिक धरायला शिकतात. तिथे चेंडू उसळतो, खड्ड्यावर दिशा बदलतो, मध्येच थांबतो. टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, तोच चेंडू सरळ आणि दुप्पट घाईने अंगावर येतो. मातीवर शिकलेली मुलगी पुण्यातल्या बालेवाडीला किंवा पिंपरीच्या नेहरूनगरला सामना खेळायला उतरली, की पहिली दोन सत्रे चेंडूचा वेग ओळखण्यातच जातात. तोवर समोरच्या संघाचे दोन गोल झालेले असतात. अशा वेळी तिच्यात कौशल्य कमी आहे असे कोणी म्हणू नये. तिला सरावाला मिळालेली जमीनच वेगळी होती.

म्हणून नाशिकमध्ये टर्फचे नवे मैदान व्हावे ही मागणी रास्त आहे. ती कशी पुढे न्यायची, कुठल्या क्रमाने, कोणाकडे कोणता कागद घेऊन जायचे, हे इथे सविस्तर मांडतो. खेळाडूंचे पालक, क्रीडाशिक्षक, क्लबचे पदाधिकारी, नगरसेवक, एखाद्या कंपनीच्या सीएसआर म्हणजे सामाजिक जबाबदारी विभागातले अधिकारी या सगळ्यांच्या उपयोगाचे ते व्हावे अशी इच्छा आहे. एक आग्रह मात्र सुरुवातीलाच सांगतो. मैदान बांधायला पैसे मिळतात, चालवायला सहसा मिळत नाहीत. म्हणून अंदाजपत्रकात सगळ्यात आधी लिहायचा आकडा नवव्या-दहाव्या वर्षी टर्फ बदलण्याच्या खर्चाचा असावा. बाकीचे त्याच्या मागून ठरते.

आधी खेळाडूंची यादी

वास्तुविशारदाकडे जाण्यापूर्वी एक वही करा. शहरातली कोणती शाळा, कोणते महाविद्यालय, कोणता क्लब हॉकी खेळतो. मुले किती, मुली किती, वयोगट कोणता. आत्ता कुठे खेळतात. टर्फ झाले तर आठवड्यातून किती तास आणि कोणत्या वेळी येतील. आणि येतील कशाने? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. संध्याकाळी सात वाजता सराव संपल्यावर सिटीलिंकची बस मिळणार नसेल, तर मुलींची संख्या दोन महिन्यांत निम्मी होते. प्रत्येक संस्थेकडून मुख्याध्यापकांच्या किंवा सचिवांच्या सहीचे एक पानी पत्र घ्या. हीच पत्रे पुढे निधीच्या प्रस्तावाला जोडायची आहेत.

यादी शहरापुरती ठेवू नका. देवळालीच्या लष्करी आस्थापना, महाराष्ट्र पोलीस अकादमी, भोसला मिलिटरी स्कूल यांच्याशी बोला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी भागातल्या आश्रमशाळा. राज्याचे आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच आहे, म्हणजे ज्या कार्यालयाची संमती लागेल ते हाकेच्या अंतरावर आहे. ओडिशातला सुंदरगड हा आदिवासीबहुल जिल्हा. भारताचे माजी कर्णधार दिलीप तिर्की तिथलेच. त्या जिल्ह्यात गावोगाव पिढ्यान्‌पिढ्या हॉकी खेळली गेली, आणि त्याच जिल्ह्यातल्या राउरकेल्यात २०२३ च्या विश्वचषकासाठी २०,०११ आसनांचे बिरसा मुंडा स्टेडियम उभे राहिले. आधी खेळाडू, मग आसने हा तिथला क्रम. आपणही तोच ठेवायला हवा. सातारा जिल्ह्याने वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे यांच्यासारख्या मुली भारतीय संघाला दिल्या. नाशिकच्या डोंगरपट्ट्यातल्या मुली धावण्यात कुठे आहेत हे साऱ्या देशाने पाहिलेले आहे. त्यांच्या हातात स्टिक देण्यासाठी मैदानाजवळ वसतिगृहाची वीस-पंचवीस खाटांची सोय आराखड्यात पहिल्या दिवसापासून धरावी, असे माझे ठाम मत आहे.

जागा

हॉकीचे मैदान ९१.४० मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद. पण टर्फ एवढ्यावर संपत नाही. धावत आलेला खेळाडू थांबण्यासाठी गोलामागे ५ मीटर आणि बाजूंना ४ मीटर मोकळी पट्टी लागते. एकूण माप होते १०१.४ गुणिले ६३ मीटर, म्हणजे सुमारे ६,३९० चौरस मीटर. आपल्या भाषेत ६३ गुंठे. त्याभोवती कुंपण, पायवाट, दिव्यांचे खांब, पाण्याची टाकी, चेंजिंग रूम, गॅलरी, वाहनतळ आणि रुग्णवाहिकेचा रस्ता धरला, तर चार एकर ही किमान गरज आहे. पाच-सहा एकर मिळाले तर बाजूला हॉकी फाइव्हजचे, म्हणजे पाच-पाच खेळाडूंच्या हॉकीचे, छोटे मैदानही बसते. ते जास्तीत जास्त ५५ बाय ४१.७० मीटर आणि कमीत कमी ४० बाय २८ मीटर असते. लहान मुलांच्या सरावाला आणि भाड्याच्या उत्पन्नाला ते फार उपयोगी पडते.

लांबी उत्तर-दक्षिण हवी. सूर्य मावळताना पश्चिमेकडे तोंड करून उभ्या असलेल्या गोलरक्षकाला समोरून येणारा चेंडू दिसत नाही, आणि हॉकीत न दिसलेला चेंडू म्हणजे इजा. चार एकराची जागा पूर्व-पश्चिम लांबट असेल तर ती कितीही स्वस्त असो, सोडून द्या.

नाशिकमध्ये जागा पाहताना पाच गोष्टी तपासायच्या.

पहिली, पूररेषा. गोदावरी, नासर्डी, वालदेवी यांच्या काठच्या मोकळ्या जागा नकाशावर छान दिसतात. पण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा जलसंपदा खात्याच्या नकाशावर पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. निळ्या रेषेच्या आत टर्फ टाकणे म्हणजे काही कोटी रुपये गाळात घालणे. २००८ आणि २०१९ चा पूर ज्यांनी पाहिला त्यांना हे वेगळे सांगायला नको.

दुसरी, आरक्षण. महापालिकेचा विकास आराखडा २०१७ मध्ये मंजूर झाला. त्यात क्रीडांगणासाठी राखून ठेवलेले खासगी भूखंड आहेत. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम १२७ नुसार, आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण संपते. ही दहा वर्षे २०२७ मध्ये पुरी होत आहेत. क्रीडांगणाचे आरक्षण हातचे जाऊ द्यायचे नसेल तर टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) किंवा रोख मोबदला देऊन ताबा घेण्याची मागणी आत्ताच लेखी करायला हवी. नगररचना विभागात जाऊन त्या सर्व्हे नंबरचा भाग नकाशा आणि झोन दाखला काढा, सातबारा आणि फेरफार पाहा. न्यायालयात दावा असलेली जागा कोणत्याही निधी देणाऱ्याला चालत नाही.

तिसरी, संरक्षण खात्याची हद्द. देवळाली, नाशिकरोड, गांधीनगर या पट्ट्यात लष्करी आस्थापना आहेत. त्यांच्या लगतच्या बांधकामाला ना-हरकत लागते, आणि दिव्यांचे उंच खांब म्हणजे विमान उड्डाणाच्या दृष्टीनेही परवानगीचा विषय.

चौथी, झाडे. तपोवनातल्या वृक्षतोडीवरून शहरात काय वातावरण झाले ते ताजे आहे. जिथे जुनी झाडे तोडावी लागतील अशी जागा निवडू नका. खेळाच्या नावाने झाडे गेली तर तो खेळ शहराचा राहत नाही.

पाचवी, आधीच असलेली क्रीडा संकुले. पंचवटीतले विभागीय क्रीडा संकुल किंवा छत्रपती शिवाजी स्टेडियम यांसारख्या ठिकाणी जमीन, रस्ता, वीज आणि समिती आधीच असते. अशा आवारात हॉकीला ६३ गुंठे मिळाले तर किमान दोन वर्षे वाचतात. माझा पहिला प्रयत्न तिथेच असेल. नवी जागा हा दुसरा पर्याय.

टर्फ कोणते, आणि पाणी किती

इथे घाई करू नका, कारण पुढच्या दहा वर्षांचा खर्च या एका निर्णयावर ठरतो.

मोठ्या स्पर्धांत वर्षानुवर्षे पाण्यावरचे टर्फ वापरले गेले. त्यात वाळू नसते. खेळण्यापूर्वी ते भिजवायचे, म्हणजे चेंडू वेगाने सरकतो आणि खेळाडूची कातडी सोलत नाही. हिशेब करू. एका चौरस मीटरला ३ लिटर पाणी धरले, तर एकदा भिजवायला सुमारे १९ हजार लिटर लागतात. शहरी पाणीपुरवठ्याचा मानक दर माणशी दिवसाला १३५ लिटर आहे. म्हणजे एका भिजवणीत १४० माणसांचे दिवसाचे पाणी. सकाळ-संध्याकाळ सराव असेल तर दुप्पट. मे महिन्यात गंगापूर धरणाचा साठा खाली गेलेला असताना हे पिण्याच्या पाण्यातून करू असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघही, म्हणजे एफआयएच, आता कमी पाण्याच्या दिशेने निघाला आहे. पॅरिस २०२४ चे निळे टर्फ आधीच्या ऑलिंपिकपेक्षा कमी पाण्यात खेळता येईल असे केलेले होते. एफआयएच टर्फना वर्गवारीनुसार मान्यता देतो. वरचा ‘ग्लोबल’ वर्ग आंतरराष्ट्रीय सामन्यांचा. त्याखालचा ‘नॅशनल’ वर्ग, ज्यात थोडी वाळू भरलेली आणि पाण्याशिवाय चालणारी टर्फही येतात. आणि त्यानंतर अनेक खेळांसाठीचा वर्ग. हा शेवटचा वर्ग टाळा. फुटबॉलसाठी उंच पात्याचे गवत आणि हॉकीसाठी ११ ते १३ मिलिमीटरचे दाट गवत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘दोन्ही खेळ चालतील’ असे सांगून बसवलेल्या टर्फवर हॉकी नीट खेळता येत नाही.

नाशिकसाठी मला योग्य वाटते ते असे : वाळूविरहित, पण कमी पाण्यात चालणारे, एफआयएचच्या मान्य यादीतले टर्फ घ्यावे. रोजच्या सरावाला हलका शिडकावा आणि स्पर्धेच्या दिवशी पूर्ण भिजवणी. पाइप आणि पंपाची तरतूद मात्र पहिल्याच टप्प्यात पूर्ण क्षमतेची करावी, कारण टर्फ टाकल्यावर खोदता येत नाही. शेतातली रेनगन इथे चालणार नाही. कडेला बसवलेल्या सहा ते आठ नोझलनी काही मिनिटांत सगळे मैदान सारखे भिजले पाहिजे.

पाणी आणायचे कुठून? दोन स्रोत एकत्र धरा. एक, मैदानावर पडणारा पाऊस. वर्षाला ७०० मिलिमीटर धरला आणि त्यातला ८० टक्के हाती आला, तर या एका टर्फवरून सुमारे ३५ लाख लिटर पाणी निघते. सगळे साठवता येणार नाही, पण गॅलरीखाली दोन-तीन लाख लिटरची टाकी आणि जास्तीच्या पाण्यासाठी पुनर्भरणाचा खड्डा सहज जमतो. या निचऱ्याच्या वाटेवर बारीक जाळीचा गाळकुंड ठेवा. टर्फचे तुटलेले प्लास्टिकचे तंतू नाल्यात आणि तिथून गोदावरीत जाता कामा नयेत. दुसरा स्रोत म्हणजे तपोवन, आगर टाकळी, चेहेडी, पंचक अशा मलनिस्सारण केंद्रांतले प्रक्रिया केलेले पाणी. पण ते थेट टँकरने आणून मारू नका. गोलरक्षक त्या पाण्यात लोळतो, फवाऱ्याचे तुषार मुलांच्या नाकातोंडात जातात. गाळणी आणि निर्जंतुकीकरण मैदानावर हवे आणि दर महिन्याला जंतूंची तपासणी हवी.

जमिनीखालचे काम

टर्फ दिसते, पाया दिसत नाही, आणि मैदाने बिघडतात ती पायामुळे. नाशिकच्या बऱ्याच भागात वर काळी माती आणि खाली मुरूम-कातळ आहे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर कितीही चांगला डांबरी थर टाका, दोन पावसाळ्यांत लाटा उठतात. हॉकीत तर ३ मीटरच्या सरळ पट्टीखाली ६ मिलिमीटरपेक्षा जास्त उंचसखलपणा चालत नाही.

म्हणून जागा ठरताच, आराखड्याआधी, माती परीक्षण करून घ्या. मैदानाच्या चार कोपऱ्यांत आणि मध्ये खड्डे घेऊन काळ्या मातीची खोली मोजा. खोली एक मीटरच्या आत असेल तर ती पूर्ण काढून टणक मुरूम थराथराने दाबून भरणे हा खात्रीचा मार्ग आहे. खोली खूप जास्त असेल तर दुसरी जागा शोधणे स्वस्त पडते.

थर खालून वर असे : दाबलेला मुरूम, त्यात निचऱ्याचे सच्छिद्र पाइप, त्यावर वेगवेगळ्या आकाराच्या खडीचे थर, त्यावर पाणी झिरपू देणारे डांबरीकरण, मग रबराच्या कणांचा, जागेवरच ओतलेला १२ ते १५ मिलिमीटरचा धक्का शोषणारा थर म्हणजे शॉकपॅड, आणि शेवटी टर्फ. उतार एक टक्क्यापेक्षा जास्त नको. शॉकपॅडवर पैसे वाचवू नका. टर्फ दहा वर्षांत जाते, पण जागेवर नीट ओतलेला शॉकपॅड दुसऱ्या टर्फलाही चालू शकतो. आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलांचे गुडघे व घोटे त्याच्यावरच अवलंबून असतात.

एक सूचना ठेकेदारांना आवडत नाही, पण ती लावून धरा : भरावाचे काम पावसाळ्यापूर्वी पुरे करून एक पावसाळा तसाच जाऊ द्यावा. जे बसायचे ते बसेल, जिथे पाणी तुंबते ते दिसेल. डांबर, शॉकपॅड आणि टर्फ नोव्हेंबर ते मे या कोरड्या काळातच. ओल्या डांबरावर ओतलेला शॉकपॅड सुटतो.

दिवे, कुंपण, इमारत

इथे थोडक्यात सांगतो. सरावाला २०० ते ३०० लक्स प्रकाश पुरतो, स्पर्धेच्या सामन्याला ५०० लक्स. दूरचित्रवाणीचा प्रकाश याच्या कितीतरी पट असतो, तो आत्ता नको; फक्त खांबांचा पाया आणि केबलची नळी पुढच्या वाढीला पुरेल अशी ठेवा. एलईडी घ्या, आणि अर्धे दिवे वेगळे लावता येतील असे सर्किट करा, म्हणजे सरावाचे बिल निम्मे होईल.

गोलामागे उंच जाळी हवीच. पेनल्टी कॉर्नरचा फटका चुकला तर चेंडू रस्त्यावर जाता कामा नये. चेंजिंग रूम चार : दोन मुलींच्या, दोन मुलांच्या. पंचांसाठी वेगळी. स्वच्छतागृह मैदानापासून चालत एका मिनिटात. प्रथमोपचाराची खोली तळमजल्यावर, दारात रुग्णवाहिका उभी राहील अशी. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या प्रेक्षकाला उतारमार्ग.

गॅलरी पश्चिम बाजूला, ८०० ते १,००० आसनांची, आणि तिच्यावर छप्पर. पश्चिमेला बसलेल्यांच्या पाठीशी मावळता सूर्य राहतो. छपरावर सौर पॅनेल बसवता येते. उरलेल्या तीन बाजूंना मातीचा उतार करून गवत लावले तर मोठ्या सामन्याला आणखी हजार-दोन हजार माणसे बसतात आणि सिमेंटचा खर्च येत नाही. दहा हजार आसनांचे चित्र सादरीकरणात सुंदर दिसते. पण त्या आसनांची झाडलोट, गळती आणि रंगरंगोटी यांचा खर्च टर्फच्या देखभालीतून जातो, म्हणून मी त्याला विरोध करीन.

या टप्प्यावर पिंपरी-चिंचवड महापालिकेचे नेहरूनगरचे मेजर ध्यानचंद मैदान पाहून या. डिसेंबर २०२१ मध्ये पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा तिथे झाली होती. सोबत महापालिकेचा अभियंता आणि लेखा विभागातला माणूस न्या. पाहायचे ते टर्फ नाही, देखभालीची नोंदवही आणि वीजबिले.

खर्चाचा कागद

पुढचे आकडे हिशेबाची पद्धत समजावी म्हणून धरलेले आहेत. निविदेचे दर तुमच्या वेळेला काढावे लागतील. समजा पाया, शॉकपॅड आणि टर्फ मिळून चौरस मीटरला ८,००० रुपये. ६,३९० चौरस मीटरचे ५ कोटी ११ लाखांच्या आसपास होतात. पाणी, दिवे, कुंपण, चेंजिंग रूम, छोटी गॅलरी यांचे आणखी पाच कोटी. त्यावर १८ टक्के जीएसटी, सल्लागाराचे शुल्क, आकस्मिक खर्च. साडेबारा-तेरा कोटींचा प्रकल्प झाला.

आता नवव्या वर्षाचे गणित. फक्त टर्फ बदलायला आजच्या भावाने ३ कोटी लागतील असे धरू. वर्षाला ६ टक्के भाववाढ धरली तर नऊ वर्षांनी ते ५ कोटी ७ लाख होतात. ठेवीवर साडेसहा टक्के व्याज मिळाले तर त्यासाठी दरवर्षी सुमारे ४३ लाख रुपये बाजूला टाकावे लागतात. पहिल्या वर्षापासून, न चुकता. वीज, माळी-पहारेकरी, ब्रश मारणे, खोल साफसफाई, पंपाची दुरुस्ती हा खर्च वेगळा. समजा सरावाचे दिवे ६० किलोवॉटचे, रोज तीन तास, वर्षाला ३०० दिवस. ५४ हजार युनिट झाली, म्हणजे दहा रुपये दराने साडेपाच लाखांच्या घरात.

हा कागद कोणालाही आवडणार नाही. तरीही प्रस्तावाच्या पहिल्या पानावर तोच ठेवा. जो निधी देणारा तो वाचूनही मागे हटत नाही, तोच पुढे बरोबर राहतो.

पैसा कुठून

एका दारातून सगळा पैसा येत नाही, आणि आला तर त्या दाराची मर्जी फिरली की काम थांबते. म्हणून कामाचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याला योग्य दार शोधायचे.

टर्फ आणि पाया : केंद्राची ‘खेलो इंडिया’ योजना. पायाभूत सुविधांचा प्रस्ताव महापालिका किंवा क्रीडा संकुल समितीने राज्याच्या क्रीडा विभागामार्फत पाठवायचा. निर्वेध जमीन, सविस्तर प्रकल्प अहवाल, आणि पुढच्या देखभालीची हमी या तीन गोष्टींवर असे प्रस्ताव अडतात. अनुदान सुविधेच्या प्रकाराप्रमाणे ठरलेल्या मर्यादेत मिळते; वरची रक्कम आपली. राष्ट्रीय क्रीडा विकास निधी हे दुसरे दार. तो १९९८ मध्ये स्थापन झाला आणि त्याला दिलेल्या देणगीवर देणाऱ्याला प्राप्तिकरात पूर्ण सवलत मिळते.

राज्य : संकुलाच्या आवारात मैदान होणार असेल तर क्रीडा संकुल योजनेचे अनुदान. २०२२ मध्ये राज्याने विभागीय संकुलाची मर्यादा ५० कोटी, जिल्हा संकुलाची २५ कोटी आणि तालुका संकुलाची ५ कोटी केली. आधी कशावर किती खर्च झाला आणि किती शिल्लक आहे, हे समितीच्या कार्यालयातून लेखी घ्या.

कुंपण, रस्ता, स्वच्छतागृहे : जिल्हा वार्षिक योजना, आमदारांचा स्थानिक विकास निधी, खासदार निधी. खासदाराला वर्षाला ५ कोटी मिळतात आणि मागणारे शेकडो असतात. त्याच्याकडे ‘मैदानासाठी मदत’ मागू नका. ‘दोन चेंजिंग रूम, अंदाजपत्रक सोबत, तांत्रिक मान्यता झालेली’ असे मागा. तयार कागद असलेल्या कामाला मार्चअखेरीस पैसा मिळण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते.

वसतिगृह आणि आश्रमशाळांच्या मुलांचा प्रवास, आहार, किट : आदिवासी विकास विभाग.

प्रशिक्षक, स्टिक, दिवे, सौर पॅनेल : कंपन्यांचा सीएसआर. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची निव्वळ संपत्ती ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटींवर आहे, तिला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. सातपूर, अंबड, सिन्नर आणि ओझरच्या कारखान्यांत अशा कंपन्या आहेत. कायद्याच्या अनुसूची ७ मध्ये क्रीडाविषयक शब्दरचना ‘प्रशिक्षण’ या शब्दापासून सुरू होते. ग्रामीण, राष्ट्रीय मान्यताप्राप्त, पॅरालिम्पिक आणि ऑलिंपिक खेळांचे प्रशिक्षण. त्यामुळे प्रस्ताव ‘स्टेडियमला देणगी’ असा न लिहिता ‘तीन वर्षांत ३०० मुलामुलींचे हॉकी प्रशिक्षण आणि त्यासाठी लागणारे मैदान’ असा लिहा. पैसे घेणाऱ्या संस्थेची सीएसआर-१ नोंदणी आणि प्राप्तिकर खात्याची १२ए व ८०जी प्रमाणपत्रे हवीत. कंपनीला काम ‘चालू प्रकल्प’ म्हणून दाखवता आले तर सुरुवातीचे वर्ष सोडून तीन वर्षे खर्च करता येतो, आणि मैदानाला तेवढा वेळ लागतोच. नीमा आणि आयमा या उद्योजक संघटनांच्या बैठकीत एकत्र मांडणी केली तर पंधरा दारे वेगवेगळी ठोठावावी लागत नाहीत.

नामकरणाचा हक्क विकायचा तर मैदानाचे नाव विकू नका; गॅलरी, दिवे, धावफलक यांची नावे पाच-पाच वर्षांसाठी द्या आणि ती रक्कम थेट टर्फ बदलण्याच्या ठेवीत टाका.

महापालिकेने काय द्यायचे? जमीन, पाणी आणि अंदाजपत्रकातले कायमचे लेखाशीर्ष. महासभेचा ठराव फक्त बांधकामाचा घेऊ नका. देखभालीसाठी दरवर्षी ठरावीक रक्कम आणि टर्फ निधीचे स्वतंत्र बँक खाते, ही दोन वाक्ये त्याच ठरावात असली पाहिजेत.

निविदा

ही निविदा रस्त्याच्या कामासारखी काढली तर मैदान रस्त्यासारखेच होईल. राज्य दरसूचीत टर्फसारखे घटक नसतील तर त्यांचे दरविश्लेषण वेगळे मंजूर करून घ्यावे लागते. तांत्रिक मान्यता तिथेच रेंगाळते. दोन लिफाफा पद्धत ठेवा, एकात तांत्रिक कागद आणि दुसऱ्यात दर. तांत्रिक लिफाफ्यात तीन अटी अनिवार्य : टर्फ एफआयएचच्या मान्य यादीतले असावे, बसवणाऱ्याने आधी किमान दोन पूर्ण हॉकी मैदाने केलेली असावीत आणि ती चालू असल्याचे वापरणाऱ्यांचे पत्र असावे, आणि काम झाल्यावर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून मैदानाची चाचणी करून द्यावी. चेंडूची उसळी, चेंडूचे घरंगळण्याचे अंतर, धक्का शोषण, निचरा, सपाटी हे सगळे त्या चाचणीत मोजले जाते. बिलाची शेवटची किमान १५ टक्के रक्कम या चाचणीच्या निकालाला बांधा.

टर्फची हमी आठ वर्षांची मागा आणि ती उत्पादकाची असावी, ठेकेदाराची नव्हे. पहिल्या पाच वर्षांची देखभाल त्याच निविदेत दर वर्षाच्या वेगळ्या रकमेसह घ्या. आणि ५० चौरस मीटर जादा टर्फ त्याच रोलमधून काढून गोदामात ठेवायला सांगा. डी, म्हणजे गोलासमोरचे अर्धवर्तुळ, आणि पेनल्टी स्ट्रोकच्या जागी टर्फ आधी झिजते. चार वर्षांनी त्याच रंगाचा तुकडा बाजारात मिळत नाही.

वेळेबद्दल एक व्यावहारिक गोष्ट. २०२७ च्या सिंहस्थामुळे शहरातली यंत्रणा, डांबर प्लांट आणि ठेकेदार गुंतलेले आहेत. या काळात बांधकामाचा हट्ट धरण्यापेक्षा जागेचा ताबा, माती परीक्षण, प्रकल्प अहवाल आणि निधीचे प्रस्ताव उरकून घ्या. सिंहस्थानंतरच्या पहिल्या कोरड्या हंगामात भराव, पुढच्या हंगामात टर्फ.

चालवायचे कसे

सात जणांची समिती पुरे : महापालिकेचा क्रीडा अधिकारी, एक अभियंता, जिल्हा क्रीडा अधिकारी, हॉकी संघटनेचा एक, शाळांचा एक, माजी महिला खेळाडू एक, आणि देणगीदार कंपन्यांकडून एक. वेळापत्रक दर तीन महिन्यांनी फलकावर आणि ऑनलाइन जाहीर व्हावे. सकाळी सहा ते नऊ प्रशिक्षण केंद्र. दुपारी तीन ते पाच शाळा, मोफत. पाच ते सात मुली आणि कुमार गट. सात ते नऊ क्लब, कंपन्यांचे संघ, पैसे देऊन. मुलींची वेळ दिवसाउजेडी आणि बस असतानाची ठेवायची, क्लबांच्या सोयीसाठी ती हलवायची नाही. लग्न, सभा, प्रदर्शन यांना टर्फ देणार नाही अशी अट महापालिकेच्या ठरावात आणि भाडेपट्ट्यात दोन्हीकडे लिहा. मंडपाचा एक खांब टर्फला आणि शॉकपॅडला भोक पाडतो.

रोजचे काम साधे आहे : पालापाचोळा काढणे, च्युइंगम आणि खाद्यपदार्थ आत न येऊ देणे, मातीचे बूट बाहेर ठेवणे. आठवड्याला ब्रश, महिन्याला शिवणींची तपासणी, वर्षातून दोनदा यंत्राने खोल साफसफाई. पावसाळ्यात सावलीच्या बाजूला शेवाळ धरते. जून आणि सप्टेंबरला त्यासाठी फवारणी ठेवा. हे करणारा माणूस कायमचा आणि शिकवलेला असावा. त्याला नेहरूनगरला किंवा मुंबईच्या चर्चगेटजवळच्या महिंद्रा हॉकी स्टेडियमवर आठवडाभर कामाला पाठवा, टर्फ अंथरण्याच्या आधी.

ताबा घेताना ठेकेदाराकडून हे घ्यायला विसरू नका : जमिनीखालच्या पाइप-केबलचा प्रत्यक्ष कामाप्रमाणे काढलेला नकाशा, टर्फच्या रोलचे बॅच क्रमांक, चाचणी अहवालाची मूळ प्रत, हमीपत्र, पंपाच्या चाव्या आणि सुटे नोझल. हे सगळे मिळाल्यावर समितीची पहिली बैठक घ्या. त्या बैठकीत टर्फ निधीचे खाते उघडल्याचा कागद आणि पहिल्या ४३ लाखांची पावती समोर ठेवा. ती आल्यावरच उद्घाटनाची तारीख ठरवा. २९ ऑगस्ट, मेजर ध्यानचंद यांचा जन्मदिवस, पावसात येतो. त्यामुळे तारीख डिसेंबरातली धरणे बरे.